पाणी कुठून येतं आणि कुठे जातं?

दोन वर्षांपूर्वीच्या जुलैत एकाच आठवड्यात काविळीचे तीन पेशंट माझ्यासमोर आले. पावसाळ्यात कावीळ दिसणं सरकारी रुग्णालयात काही नवं नाही. पण केसपेपरवरचा पत्ता तिघांचाही एकच होता. एक कॉलेजात जाणारा मुलगा, एक रिक्षाचालक आणि सात महिन्यांची गर्भवती. ओळख एकाच जिन्याची. आम्हा डॉक्टरांना ताप किती, भूक आहे का, लघवी पिवळी होते का, बाहेरचं काही खाल्लंत का, हे विचारायची सवय असते. बाहेरचं खाल्ल्याचा प्रश्न तर आम्ही जवळजवळ आरोपासारखा विचारतो. त्या दिवशी मी वेगळा प्रश्न विचारला : ‘तुमच्या बिल्डिंगचं पाणी कुठून येतं?’

तिघांनीही वेगवेगळं उत्तर दिलं. एक म्हणाला कॉर्पोरेशनचं, दुसरा म्हणाला बोअरचं, आणि ती म्हणाली, ‘टाकीचं येतं ना मॅडम.’ खरं तर तिन्ही उत्तरं बरोबर होती. गोंधळ तिथेच होता.

तिघांचीही तपासणी हिपॅटायटिस ‘ई’ची निघाली. हा विषाणू रुग्णाच्या विष्ठेतून बाहेर पडतो आणि पाण्यातून दुसऱ्याच्या तोंडात जातो. म्हणजे कुठे तरी जाणारं पाणी येणाऱ्या पाण्याला भेटलं होतं. बहुतेक लोक या काविळीतून चार-सहा आठवड्यांत आपोआप बरे होतात. गर्भवतीचं तसं नसतं. शेवटच्या तीन महिन्यांत हा आजार झाला तर दर चार-पाच जणींमागे एकीचा मृत्यू होऊ शकतो, इतका तो घातक ठरतो. त्यामुळे त्या मुलीला आम्ही त्याच दिवशी दाखल केलं, आणि आरोग्य विभागाला कळवलं.

रविवारी मी त्या बिल्डिंगमध्ये गेले. सोबत आमच्या घरी पंचवीस वर्षं नळाची कामं करणारे प्लंबरमामा होते. खरं सांगायचं तर त्यांच्याशिवाय मला काहीच कळलं नसतं. एमबीबीएसला आम्हाला पाणी शुद्धीकरणाचा अख्खा धडा असतो, जलद आणि मंद वाळू गाळणी तोंडपाठ असते. पण नहाणी ट्रॅप म्हणजे काय, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

मामांनी आधी काही पाहिलं नाही, नुसतं विचारलं, ‘पाणी किती वेळ येतं?’ सकाळी दीड तास. ‘आणि मोटर कुठून ओढते?’ यावर जमलेल्या मंडळींनी एकमेकांकडे पाहिलं. मोटर थेट कॉर्पोरेशनच्या लाइनवर लावलेली होती. जमिनीतला हौद होता, पण तो भरायला वेळ लागतो म्हणून मध्ये एक जोड टाकून मोटरनं लाइनमधूनच पाणी खेचायची सोय कुणी तरी करून ठेवली होती. ती लाइन ड्रेनेजच्या चेंबरच्या अगदी कडेनं जात होती. चेंबरचं झाकण उचललं तेव्हा आत पाणी तुंबलेलं आणि आमचा जुना जीआय पाइप त्यात निम्मा बुडालेला. त्याच्या जोडावर गंज चढला होता. मामा म्हणाले, ‘मॅडम, गटाराचं पाणी आपणहून नळात चढत नाही. त्याला आपणच ओढून घेतो.’

पाइप रिकामा असतो तेव्हा

हे वाक्य नीट समजून घेण्यासारखं आहे. पाइपमध्ये चोवीस तास दाबानं पाणी असेल तर बारीक भोकातून पाणी बाहेर गळतं, बाहेरची घाण आत येत नाही. आपल्या बहुतेक शहरांत पाणी तास-दोन तासच येतं. उरलेले बावीस तास लाइन रिकामी किंवा अर्धी रिकामी. त्या वेळी जिथे जिथे फट आहे तिथून आजूबाजूच्या ओल्या मातीतलं, शेजारच्या गटारातलं पाणी आत झिरपतं. दुसऱ्या दिवशी पाणी सुटलं की हे सगळं पहिल्या धारेबरोबर घरात येतं. त्यात कुणी थेट लाइनवर मोटर लावली तर पाइपमध्ये पोकळी तयार होते आणि झिरपण्याचं रूपांतर शोषण्यात होतं. स्ट्रॉला मध्ये भोक असलं तर ओढताना काय होतं ते आठवा. शिवाय ती घाण फक्त मोटर लावणाऱ्याच्याच घरात जात नाही. लाइन सगळ्या गल्लीची असते.

१९५५च्या डिसेंबरात दिल्लीत काविळीची मोठी साथ आली. यमुनेच्या पात्रातल्या बदलामुळे नाल्याचं पाणी शहराच्या पाणी उपशाच्या जागेकडे उलटं आलं होतं. दोन महिन्यांत २९ हजारांहून अधिक लोकांना कावीळ झाली. तेव्हा तिचं कारण नीट कळलं नव्हतं. जपून ठेवलेले रक्ताचे नमुने पुढे पंचवीसेक वर्षांनी तपासले तेव्हा तो हिपॅटायटिस ‘ए’ नाही हे समजलं. नंतर त्याला ‘ई’ हे नाव मिळालं. तिथे नदी आणि नाला भेटले, आमच्या बिल्डिंगमध्ये पाइप आणि चेंबर. प्रकार तोच. २०२५च्या सुरुवातीला पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात जीबीएसचे रुग्ण एकाएकी वाढले, तेव्हाही काही रुग्णांच्या शौचात कॅम्पायलोबॅक्टर हा जंतू सापडला आणि सगळ्यांचं लक्ष पाण्याकडे वळलं, हे अनेकांना आठवत असेल.

या काविळीचा आणखी एक त्रास असतो. विषाणू पोटात गेल्यापासून डोळे पिवळे होईपर्यंत दोन ते दहा आठवडे जातात, सरासरी पाच-सहा. म्हणजे पेशंट माझ्यापुढे येतो तेव्हा ज्या पाण्यानं घात केला ते पाणी केव्हाच वाहून गेलेलं असतं. आज नमुना घेतला तर तो चांगलाही येऊ शकतो आणि सोसायटीचे चेअरमन ‘आमचं पाणी शुद्ध आहे’ म्हणून कागद दाखवतात. आम्ही विचारलं, दीड महिन्यापूर्वी काही झालं होतं का? तेव्हा एका आजींनी सांगितलं, रस्ता खोदला होता, त्यानंतर चार-पाच दिवस पाण्याला वास येत होता, आम्ही तुरटी फिरवून वापरलं. तुरटीनं गाळ खाली बसतो, पाणी दिसायला नितळ होतं. जंतू मरत नाहीत. पाण्याला वास आला, रंग बदलला, की ते दिवस उकळलेल्याच पाण्याचे.

शिकागोची गोष्ट

पाइपांच्या चुकीच्या जोडणीनं माणसं मरतात याचा वैद्यकातला सर्वांत गाजलेला दाखला श्रीमंत शहरातला आहे. १९३३ साली शिकागोत जागतिक प्रदर्शन भरलं होतं. देशभरातून लोक आले, हॉटेलांत उतरले, परत गेले. नंतर वेगवेगळ्या गावांत रक्ताच्या जुलाबांचे रुग्ण दिसू लागले. अमिबाची हगवण हा उष्ण देशांतला आजार, आपल्याकडे कसा असेल, असं तिथल्या डॉक्टरांना वाटायचं. काहींना अपेंडिक्स समजून टेबलावरही घेतलं गेलं. शेवटी धागे जुळत जुळत शेजारशेजारच्या दोन हॉटेलांपर्यंत आले. तिथल्या जुन्या नळजोडणीत सांडपाणी आणि पिण्याचं पाणी एकत्र येत होतं. सुमारे चौदाशे जणांना लागण झाली आणि ९८ जण दगावले. तिथल्या नळजोडणीच्या नियमांना त्यानंतर धार आली.

त्यातला एक नियम आपल्या मोरीतही लागू आहे. नळाचं तोंड नेहमी भांड्याच्या काठाच्या वर असलं पाहिजे, मध्ये हवेची फट हवी. आपण काय करतो? नळाला रबरी नळी लावतो आणि तिचं टोक बादलीत, कपडे भिजवलेल्या टबात किंवा सरळ मोरीत टाकून देतो. पाणी गेलं, खालच्या मजल्यावर कुणी नळ उघडला, की वरच्या पाइपमध्ये पोकळी होते आणि नळी बादलीतलं पाणी उलटं ओढून घेते. संडासातल्या जेटची नळी कमोडच्या आत लोंबत ठेवणं हा याचाच जास्त किळसवाणा प्रकार. त्यासाठी खर्च शून्य आहे : जेट हुकाला अडकवा, नळी वापरून झाली की काढून ठेवा.

त्या बिल्डिंगचं काम आठ दिवसांत झालं. मोटरचा लाइनवरचा जोड तोडला. कॉर्पोरेशनचं पाणी आता फक्त हौदात पडतं, तेही हौदाच्या पाण्याच्या पातळीच्या वरून, आणि मोटर फक्त हौदातून ओढते. चेंबरमधला पाइप काढून नवा पाइप दुसऱ्या बाजूनं, उंचावरून नेला. बोअरची लाइन आणि पिण्याची लाइन नुसत्या एका व्हॉल्व्हनं जोडलेल्या होत्या. व्हॉल्व्ह बंद आहे या विश्वासावर वीस वर्षं निघाली होती. त्या कायमच्या वेगळ्या केल्या. हौद आणि गच्चीवरची टाकी रिकामी करून घासली. घासणं महत्त्वाचं, कारण नुसतं पाणी काढलं तर भिंतीवरचा बुळबुळीत थर तसाच राहतो आणि त्याच्या आडोशाला जंतू क्लोरीनपासून बचावतात.

टाकीत ब्लीचिंग पावडर किती टाकायची हे लोक नेहमी विचारतात. चांगल्या प्रतीची पावडर असेल तर हजार लिटरला साधारण अडीच ग्रॅम पुरते. ती कोरडी टाकायची नाही. प्लॅस्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात कालवायची, पाणी घालून ढवळायचं, दहा मिनिटं ठेवायचं, चुना खाली बसला की वरचं नितळ पाणी टाकीत ओतायचं. मग तासभर ते पाणी वापरायचं नाही. पुडी उघडी राहिली तर तिच्यातला क्लोरीन उडून जातो, म्हणून गेल्या वर्षीची अर्धी पिशवी उपयोगाची नाही. नळाच्या शेवटच्या टोकाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेला असायला हवा. आरोग्य कर्मचारी ज्याला ‘ओटी टेस्ट’ म्हणतात ती यासाठीच. थेंब टाकल्यावर पाणी पिवळं झालं तर क्लोरीन आहे. तुमच्याकडे कर्मचारी आले तर त्यांना गच्चीवरून परत पाठवू नका, वरच्या मजल्यावरच्या नळाचं पाणी तपासायला सांगा.

आणि सकाळी पाणी सुटलं की पहिली पाच-दहा मिनिटं पिण्याचं भरू नये. ते पाणी फरशी धुवायला, झाडांना घ्या. माझी आजी पहिली धार मोरीत सोडून द्यायची आणि आम्ही तिला पाणी वाया घालवते म्हणून चिडवायचो.

वास येतो कारण पाणी आटलंय

येणाऱ्या पाण्याबद्दल लोक निदान बोलतात तरी. जाणाऱ्या पाण्याकडे आपण फक्त तुंबल्यावरच बघतो. बाथरूमच्या जाळीखाली एक वाटीसारखा भाग असतो, त्याला नहाणी ट्रॅप म्हणतात. बेसिनच्या खाली बाटलीच्या आकाराचा ट्रॅप असतो, कमोडच्या आत वळणदार गळा असतो. या सगळ्यांचं काम एकच : थोडं पाणी अडवून ठेवणं. साधारण पाच सेंटिमीटर उंचीचं हे पाणी म्हणजे तुमचं घर आणि गटार यांच्यामधलं दार आहे. गटारातली हवा, झुरळं, चिलटं हे पाणी ओलांडू शकत नाहीत.

मे महिन्यात तुम्ही महिनाभर गावी जाता. परत आल्यावर घराला कोंदट, घाणेरडा वास येतो, झुरळं फिरत असतात. आपण म्हणतो, घर बंद होतं ना. घर बंद असण्याचा वास तसा नसतो. ट्रॅपमधलं पाणी आटून गेलेलं असतं. पाहुण्यांच्या बाथरूममध्ये, वापरात नसलेल्या बेसिनमध्ये हेच होतं. उपाय म्हणजे आठवड्यातून एकदा प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी ओतायचं. जास्त दिवस बाहेर जाणार असाल तर पाणी ओतून वरून चमचाभर गोडंतेल टाका, तेलाच्या थरानं बाष्पीभवन मंदावतं. एवढं करूनही वास येत असेल तर ट्रॅप बसवलेलाच नाही, किंवा व्हेंट पाइप चोंदला आहे आणि कुठे तरी फ्लश झाला की तुमच्या ट्रॅपमधलं पाणी ओढलं जातंय. असा ‘गुडूगुडू’ आवाज बेसिनमधून येत असेल तर तो ऐकून सोडून देऊ नका.

हे नुसतं वासापुरतं आहे असं मलाही वाटत असे. २००३ साली हाँगकाँगमध्ये सार्सची साथ आली तेव्हा अमॉय गार्डन्स या उंच इमारतींच्या वसाहतीत तीनशेहून अधिक लोकांना लागण झाली, आणि त्यातले बरेचसे एकाच इमारतीतले, एकाखाली एक असलेल्या फ्लॅटमधले होते. सार्सचा एक रुग्ण मार्च महिन्यात तिथे नातेवाइकाकडे राहून गेला होता आणि त्याला जुलाब होत होते. चौकशीत आढळलं की अनेक घरांतले बाथरूममधले ट्रॅप कोरडे होते. लोक फरशी पाण्यानं धुण्याऐवजी ओल्या फडक्यानं पुसत असत, त्यामुळे जाळीत पाणी जातच नव्हतं. त्यात दार बंद करून एक्झॉस्ट फॅन लावला की फॅन खिडकीतून हवा बाहेर टाकतो आणि तेवढीच हवा गटाराच्या पाइपमधून आत खेचतो. विषाणू असलेले बारीक तुषार असे घराघरांत पोचले असावेत, असा निष्कर्ष निघाला. तेव्हापासून तिथलं सरकार नागरिकांना जाळीत नियमित पाणी ओता म्हणून सांगतं. आपल्याकडच्या नव्या फ्लॅटमध्ये आता काचेचं पार्टिशन घालून बाथरूमचा अर्धा भाग कोरडा ठेवायची फॅशन आली आहे. दिसायला छान दिसतं. त्या कोरड्या भागातल्या जाळीत शेवटचं पाणी कधी गेलं होतं, ते मात्र आठवून पाहा.

जाळी उचललीच आहे तर हेही सांगते : अनेक घरांत ट्रॅपच्या आतली वाटी तुंबते म्हणून काढून माळ्यावर ठेवलेली असते. ती शोधा आणि परत बसवा.

टपटप

गळका नळ ही आजाराच्या हिशेबात लहान गोष्ट, पण घरोघरी आहे म्हणून थोडं. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला ८६,४०० थेंब. आमच्या सलाइनच्या साध्या सेटमध्ये वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरतात. त्या हिशेबानंच दिवसाला चार लिटरहून जास्त पाणी होतं, आणि नळाचा थेंब सलाइनच्या थेंबापेक्षा बराच मोठा असतो. बहुतेक वेळा दोष काही रुपयांच्या वॉशरचा असतो. खालचा अँगल कॉक किंवा मेन व्हॉल्व्ह बंद करायचा, नळाची मूठ आणि स्पिंडल पान्यानं काढायचं, जुना वॉशर दुकानात नेऊन त्याच मापाचा आणायचा. जोडावर गळत असेल तर टेफ्लॉन टेप आट्याच्या दिशेनं दहा-बारा वेढे. उलट्या दिशेनं गुंडाळली तर बसवताना ती सुटते, हे मी स्वतः दोनदा करून शिकले आहे.

फ्लशची टाकी गुपचूप गळते, ती कळत नाही. टाकीत कपड्याच्या निळीचे चार थेंब टाका आणि वीस मिनिटं फ्लश करू नका. कमोडमधलं पाणी निळं झालं तर आतलं रबर गेलं आहे. सगळ्या घराची परीक्षा घ्यायची असेल तर रात्री सगळे नळ बंद करून मीटरचा आकडा लिहून ठेवा आणि सकाळी नळ उघडायच्या आधी बघा.

भिंतीत मुरणारी गळती मात्र माझ्या खात्यात येते. बाथरूमच्या मागच्या भिंतीला पोपडे, काळे ठिपके, आणि त्याच भिंतीला लागून मुलाची कॉट. दर पावसाळ्यात त्या मुलाला धाप लागते आणि आम्ही पंपाचा डोस वाढवतो. ओल आणि बुरशी असलेल्या घरांत दमा आणि श्वसनाचे त्रास वाढतात, हे जागतिक आरोग्य संघटनेनं २००९मध्येच आपल्या मार्गदर्शक सूचनांत नोंदवलं आहे. वरच्या मजल्यावरच्यांशी भांडण चालू आहे म्हणून काम थांबलंय, हे मी इतक्या वेळा ऐकलंय की आता विचारतच नाही. निदान कॉट हलवा. रंग लावून ठिपके झाकू नका, आधी पाण्याची वाट बंद करा.

गच्चीवरच्या टाकीचं झाकण हा तर डेंग्यूचा विषय. एडिस डासाची अंडी पाण्याच्या रेषेवर भिंतीला चिकटतात आणि कोरडी होऊनही महिनोन्‌महिने टिकतात; पाणी चढलं की अळ्या बाहेर. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्याचा कोरडा दिवस सांगतात. झाकण घट्ट बसत नसेल तर कापड बांधा, ओव्हरफ्लोच्या पाइपला आणि सेप्टिक टँकच्या व्हेंट पाइपला जाळी बांधा. आमच्या आरोग्यसेविका हे सांगून थकल्या आहेत.

तुंबल्यावर

किचनचं सिंक तुंबतं ते तेलामुळे, चहाच्या चोथ्यामुळे आणि शितांमुळे. लोक पहिल्यांदा दुकानातून पांढरी दाणेदार पावडर आणतात. ती मुख्यतः कॉस्टिक सोडा असते. पाण्यात पडली की प्रचंड उष्णता तयार होते. मी एकदा अख्खी पुडी सिंकमध्ये रिकामी करून वरून गरम पाणी ओतलं. ते उसळून माझ्या हातावर आलं. डाग अजून आहे. डोळ्यात गेलं असतं तर हा लेख दुसऱ्या कुणाला लिहावा लागला असता. अल्कली ॲसिडपेक्षा डोळ्यात खोल शिरते. असं झालंच तर रुग्णालयात धावण्याआधी वाहत्या नळाखाली किमान वीस मिनिटं डोळा उघडा धरून धुवा, मग या. लहान मुलानं ते दाणे तोंडात घातले तर उलटी करायला लावू नका. वर येताना ते अन्ननलिका दुसऱ्यांदा जाळतात. तोंड पाण्यानं धुवून तडक रुग्णालयात आणा. अन्ननलिका आक्रसलेली, वर्षानुवर्षं फुगा घालून ती रुंद करून घ्यायला येणारी मुलं मी पाहिली आहेत. ती पावडर त्यांच्या घरी शेंगदाण्याच्या रिकाम्या बरणीत ठेवलेली होती.

पावडरनं निघालं नाही की लोक ॲसिड ओततात, त्यावर ब्लीचिंग पावडर. बाथरूम धुवायचं ॲसिड आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू निघतो. बंद बाथरूममध्ये तो फुफ्फुसाला सूज आणतो. दिवाळीच्या साफसफाईत असे एक-दोन पेशंट येतातच. आणि ज्यानं तीन तऱ्हेची रसायनं ओतून झाल्यावर प्लंबरला बोलावलं, त्यानं निदान त्या माणसाला काय ओतलंय ते सांगावं. तो बिचारा उघड्या हातानं ट्रॅप सोडवणार असतो.

खरं तर सिंकखालचा बॉटल ट्रॅप हातानं सुटतो. खाली बादली ठेवा, वाटी फिरवून काढा, आतला गाळ काढून धुवा, वॉशर जागेवर आहे ना बघून परत बसवा. दहा मिनिटांचं काम आहे. मोरी तुंबली तर जाळीवर थोडं पाणी ठेवून रबरी पंपानं दाब द्या. तळणाचं उरलेलं तेल कधीच सिंकमध्ये ओतू नका, जुन्या कागदात टिपून कचऱ्यात टाका.

यापुढचं काम मात्र हातानं करायचं नाही. ड्रेनेजचं खोल चेंबर किंवा सेप्टिक टँक तुंबली की ‘दोन हजार घे आणि उतर’ म्हणून एखाद्या गरजू माणसाला बोलावलं जातं. आत हायड्रोजन सल्फाइड असतो. थोडा असताना त्याला कुजक्या अंड्याचा वास येतो, जास्त झाला की वास घेणारी नसच बधिर होते आणि माणसाला वाटतं की वास गेला. दोन-चार श्वासांत तो कोसळतो. वर उभा असलेला भाऊ त्याला काढायला उतरतो आणि तोही कोसळतो. आमच्याकडे एका संध्याकाळी असे दोघे आले होते, दोघेही संपलेले. तोंडाला ओला रुमाल बांधून, आत मेणबत्ती लावून काही होत नाही. माणसाला असं उतरवणं २०१३च्या कायद्यानं गुन्हा आहे आणि घरमालक, सोसायटी यांनाही तो लागू आहे. अशा मृत्यूंसाठीची भरपाई सर्वोच्च न्यायालयानं २०२३मध्ये ३० लाख रुपये केली. उपसणारी गाडी बोलवा. गाडी गल्लीत शिरत नसेल तर लांब पाइपची बोलवा.

त्या बिल्डिंगमध्ये पुढच्या महिन्याभरात आणखी पाच जणांना कावीळ झाली. ती आधीच पोटात गेलेली होती, पाइप बदलून ती थांबणार नव्हती. सप्टेंबरनंतर एकही नाही. दाखल झालेली ती मुलगी अकरा दिवस अतिदक्षता विभागात होती. ती वाचली, बाळ गेलं. डिस्चार्जच्या दिवशी तिच्या सासूबाईंनी मला विचारलं, ‘आता तरी पाणी उकळायलाच लागेल का मॅडम?’ मी म्हटलं, हो, आणि गच्चीवरच्या टाकीची किल्ली कुणाकडे असते ते विचारून ठेवा. गेल्या महिन्यात त्या दोघी परत आल्या होत्या, सुनेला पुन्हा दिवस गेले आहेत म्हणून दाखवायला. सासूबाईंनी पिशवीतून एक वही काढली. हौद कधी धुतला, टाकी कधी धुतली, पावडर किती टाकली, ओटी टेस्ट कधी झाली, सगळं तारखेनिशी लिहिलेलं. टाकीची किल्ली आता त्यांच्याकडेच असते.